खाद्याच्या खोलीसाठी एअरगन: निवड, जुळवणी आणि रात्रीची पाळत

9 जून

निफाड तालुक्यात आमचं ब्रॉयलरचं शेड आहे आणि त्याला लागून खाद्याची खोली. मका, सोयापेंड, तयार खाद्य, सगळी पोती फळ्यांवर रचलेली. पहिला पाऊस पडला की शेतातले उंदीर आडोशाला येतात, तसे यंदाही आले. आज खालच्या थरातलं पोतं उचललं तर तळ कुरतडलेला, निम्मा मका फळ्यांखाली आणि त्यात लेंड्या. असं खाद्य कोंबड्यांना घालता येत नाही, म्हणजे पोतंच गेलं.

प्राणी दोन आहेत. वाशांवरून पळणारा घरउंदीर आणि पायाशेजारी बीळ करणारी घूस. घुशीचं बीळ लगेच ओळखू येतं, तोंडाशी ताज्या मातीचा ढीग असतो.

औषधं वापरून झाली. झिंक फॉस्फाइडचा थोडासा डोस खाऊन जो उंदीर वाचतो, तो पुन्हा त्या आमिषाकडे फिरकत नाही. ब्रोमाडिओलोन खाल्लेला उंदीर मरायला काही दिवस घेतो, तोवर कुठेही जाऊन पडतो. मग मांजर किंवा घुबड त्याला खातं आणि विष पुढे सरकतं. आमच्या जुन्या विहिरीच्या खोपीत गव्हाणी घुबडाची जोडी आहे. ती दोघं रात्रीत जेवढं काम करतात तेवढं आमच्या सगळ्या पिंजऱ्यांनी मिळून होत नाही. त्यांना विष घालायचं नाही, हे घरात ठरलेलं आहे. चिकटपट्ट्या खाद्याच्या धुळीनं दोन दिवसांत निकामी होतात, आणि त्यात अडकलेला जीव तासन्‌तास तडफडतो, ते मला बघवत नाही.

म्हणून एअरगन. काम दोन प्रकारचं: खोलीत सहा ते पंधरा मीटरवर उंदीर-घुशी, आणि संध्याकाळी बांधावर वीस-पंचवीस मीटरवर डबे पाडणं. सगळं मिळून वीस हजारांच्या आत बसवायचं आहे.

12 जून

आधी कायदा, कारण यात गावोगाव गैरसमज आहेत. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे 4.5 मिमी म्हणजे .177 नळी आणि 20 जूलपर्यंत ऊर्जा, एवढ्या मर्यादेतल्या एअरगनला परवाना लागत नाही. .22 नळीची घ्यायची तर परवाना लागतो. “.22 च घे, घुशीला तीच लागते” असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. डोक्यात नीट बसलेला .177 छर्रा घुशीला पुरतो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. परवाना लागत नाही याचा अर्थ कशावरही चालवायची मुभा मिळाली असा नाही. मोर, ससा, पोपट यांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. भटक्या कुत्र्यावर छर्रा मारणं हासुद्धा गुन्हाच आहे. माझ्याकडून उंदीर आणि घूस सोडून कशावरही नळी रोखली जाणार नाही.

17 जून

नाशिकच्या दुकानात अर्धा दिवस काढला. दुकानदारानं आधारची प्रत घेतली, वहीत नोंद केली, मग एकेक बंदूक काढून दाखवली. प्रीसीहोल, एसडीबी, नॅशनल अशा देशी कंपन्यांच्या होत्या. चुलत्यांकडे इंडियन ह्यूम पाइपची जुनी ‘आयएचपी’ आहे, ती हाताळलेली असल्यामुळे वजनाचा अंदाज होता.

पीसीपी, म्हणजे आधी हवा भरून ठेवायची बंदूक, अचूकतेत सगळ्यांच्या पुढे. झटका जवळजवळ नाहीच. पण बंदूक आणि दोनशे बार दाबाचा हातपंप मिळून माझ्या बजेटच्या कितीतरी पुढे जातं, शिवाय नाशिकच्या दमट पावसाळ्यात पंपात ओलावा शिरला की सील आणि झडपांची कटकट. सोडली.

राहिल्या नळी मोडून भरायच्या. यातही स्प्रिंगची आणि गॅस पिस्टनची असे दोन प्रकार. गॅसची ओढायला सरळ, स्प्रिंगचा झणझणाट नाही, भरून काही वेळ ठेवली तरी बिघडत नाही. पण गॅसचा पिस्टन बसला तर तो कारखान्यातच जातो. स्प्रिंग मोडली तर नाशिकमध्ये बदलून मिळते, हाताची सवय असलेला माणूस घरीही बदलतो. मी स्प्रिंगची घेतली.

दुकानदाराचं सगळं बोलणं वेगावर होतं. “भाऊ, हिचा हजार फूट स्पीड आहे.” डब्यावरचा तो आकडा सगळ्यात हलका छर्रा घालून काढलेला असतो. हिशेब करून बघा: आठ ग्रेनचा, म्हणजे साधारण 0.52 ग्रॅमचा छर्रा 20 जूलच्या मर्यादेत सेकंदाला 278 मीटरच्या, म्हणजे सुमारे 910 फुटांच्या वर जाऊच शकत नाही. आणि मला तेवढं लागतही नाही. ऑलिंपिकच्या दहा मीटर एअर रायफल याच्या निम्म्याहून कमी ऊर्जेवर चालतात आणि अर्ध्या मिलिमीटरच्या ठिपक्याला छेदतात. जोरदार स्प्रिंगची बंदूक ओढायला जड, झटका जास्त, आणि अंधारात घाईनं भरताना हात थरथरतो.

मी बघितलं ते हे. नळी जोडाजवळ धरून डावी-उजवीकडे हलवली, कणभरही खेळ असलेल्या बाजूला ठेवल्या. घोडा दाबून पाहिला (दुकानदाराच्या परवानगीनं आणि छर्रा घालून, कारण रिकामी उडवली की पिस्टनला उशी मिळत नाही आणि सील फुटतं). दाब दोन टप्प्यांत आणि दुसऱ्या टप्प्याची जागा कळते, असा घोडा हवा. समोरची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेमाचा खुंट, धातूची आणि मागची साइट दोन्ही दिशांना फिरवता येणारी हवी. प्लॅस्टिकची साइट हलते.

एक मध्यम ताकदीची, लाकडी दस्त्याची 11,800 रुपयांना घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही. एका बंदुकीवरून कंपनीबद्दल मत बनवणं बरोबर नाही, आणि खाली लिहिलेल्या बहुतेक गोष्टी या किमतीच्या कुठल्याही स्प्रिंग एअरगनला लागू आहेत.

18 जून

नेमबाजी न करता पूर्ण संध्याकाळ तयारीत गेली. हा वेळ वाचवू नका.

नळीत कारखान्याचं ग्रीस भरलेलं असतं. मासेमारीची जाड दोरी दुमडून नळीतून ओवली, तिला सुती कापडाचे तुकडे अडकवून जोडाकडून तोंडाकडे ओढले. पहिले काळेकुट्ट निघाले, कापड पांढरं येईपर्यंत ओढत राहिलो. लोखंडी गज घालू नका, नळीच्या तोंडाची कड खराब झाली की अचूकता गेलीच.

दस्त्याचे तिन्ही स्क्रू ढिले होते. नवी बंदूक असूनही. काढून, पुसून, निळं लॉकटाइट (स्क्रू ढिले होऊ न देणारा डिंक) लावून बसवले. लाल लावू नका, पुन्हा निघणार नाही.

मग सीलची तपासणी: नळी बंद केल्यावर जोडावर टिश्यू पेपरची बारीक पट्टी ठेवायची आणि झाडायचं. पट्टी उडाली तर हवा तिथून गळते. माझी थरथरली, उडाली नाही. चालेल म्हणून सोडलं.

21 जून

बांधावर जागा केली. मागे मातीचा चढ, त्यापुढे ओल्या मातीनं घट्ट भरलेलं गोणपाट, त्याला कागद टाचलेला. डबा पाडायचा असला तरी मागे हे हवंच. छर्रा पातळ पत्र्याच्या डब्यातून आरपार जातो आणि दगडावर आपटला तर परत येतो. चष्मा लावल्याशिवाय आमच्याकडे कुणी जवळ उभं राहत नाही.

सुरुवातीच्या काही फैरींत धूर आणि मोठा आवाज आला. आत राहिलेलं तेल दाबानं पेटतं. हे थांबेपर्यंत कागदावरच्या भोकांना अर्थ नसतो, त्यामुळे साइटला हात लावला नाही. काही जण आवाज वाढावा म्हणून मुद्दाम तेलाचा थेंब टाकतात. त्यानं सील जळतं आणि स्प्रिंग मोडते.

25 जून

छर्ऱ्यांची चाचणी. सगळ्या कामात हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

तीन प्रकार घेतले: देशी चपट्या डोक्याचे, देशी टोकदार, आणि झेक बनावटीचे जेएसबी एक्झॅक्ट, गोल डोक्याचे 8.44 ग्रेन. गावातल्या सोनाराच्या काट्यावर प्रत्येक डब्यातले मूठभर छर्रे एकेक करून तोलले. देशी टोकदार 0.47 ते 0.55 ग्रॅम असे पसरलेले. जेएसबीत फरक शोधावा लागला. देशी डब्यात काही छर्ऱ्यांची शेपटी चेपलेली होती. ती बोटाच्या पेरावर फिरवली की लगेच जाणवते. असे बाजूला काढून डबे पाडायला ठेवले.

पंधरा मीटरवर, बसून, पाच-पाच छर्ऱ्यांचे ग्रुप. देशी टोकदार तळहाताएवढे पसरले. टोकदार म्हणजे जास्त भेदक, हा समज मनातून काढून टाका, टोक मध्यावर नसेल तर छर्रा भोवरतो. देशी चपटे मला अपेक्षेपेक्षा बरे निघाले, पाचही भोकं दहाच्या नाण्याखाली झाकली जात होती. जेएसबी एक रुपयाच्या नाण्यात, आणि त्यातलीही भोकं एकमेकांना चिकटलेली.

जेएसबीच्या पाचशेच्या डब्याला 1,300 पडले, देशी चपट्यांना 280. म्हणून असं ठरवलं: खोलीत फक्त जेएसबी, बांधावर देशी. मात्र एका प्रकारावरून दुसऱ्यावर गेलं की पहिले काही छर्रे कागदावर झाडून नळी त्याला सरावू द्यायची.

तुमच्या नळीला दुसराच छर्रा आवडेल. जर्मनीच्या एच अँड एनचे काहींना चांगले लागतात. बंदूक तीच आणि कंपनी तीच असली तरी नळी वेगळी असते. आधी छोटे डबे घ्या किंवा मित्रांशी वाटून घ्या.

2 जुलै

ग्रुप अचानक उभ्या रेषेत पसरायला लागले. कारण टेकू. मी दस्त्याचा पुढचा भाग मातीच्या पिशवीवर घट्ट दाबून धरायला लागलो होतो. स्प्रिंगच्या बंदुकीत पिस्टन पुढे जाताना बंदूक मागे येते आणि पिस्टन थांबताना पुढे जाते, आणि हे सगळं छर्रा नळीत असतानाच घडतं. बंदुकीला दरवेळी सारखंच हलू द्यायला हवं. आता पुढचा भाग उघड्या तळहातावर नुसता ठेवतो, बोटं मिटत नाही, खांद्याला हलकाच टेकवतो. तळहाताची जागा घोड्याच्या कड्यापुढे चार बोटं, तिथं दस्त्यावर खडूची रेघ ओढली. तळहात एक इंच पुढे गेला तरी भोकं वर सरकतात. करून बघा, लगेच दिसतं.

नाशिकच्या ओळखीच्या नेमबाजाकडून वेग मोजायचं यंत्र तासभर मिळालं. 8.44 ग्रेनचा सरासरी वेग सेकंदाला 205 मीटर, म्हणजे साडेअकरा जूल. डब्यावरच्या आकड्याच्या जवळपासही नाही, आणि कामाला पूर्ण पुरेसा. झाडागणिक फरक तीन-चार मीटरचाच. मला हाच आकडा हवा होता.

10 जुलै

स्कोपवर, म्हणजे नेम धरायच्या दुर्बिणीवर, 3,200 गेले आणि ती बंदुकीवर बसवायच्या माउंटवर 900. यात वेळही गेला, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिला स्कोप मित्राचा, मोठ्या बंदुकीचा होता. त्यात दहा मीटरवरचं लक्ष्य धूसर दिसतं, कारण त्याची भिंगं शंभर यार्डांसाठी लावलेली असतात. शिवाय स्प्रिंगचा उलटसुलट झटका असल्या स्कोपच्या आतल्या तारा मोडतो. तीनेकशे छर्ऱ्यांनंतर त्यातली क्रॉसची रेघ तिरकी झाली. एअरगनसाठी म्हणून विकलेला, पुढचं भिंग फिरवून दहा यार्डांपर्यंत स्पष्ट करता येणारा स्कोप घ्या. माउंट दोन सुट्या कड्यांचा न घेता अखंड घ्या, खाली अडवणारी पिन असलेला. पिन बंदुकीवरच्या भोकात बसली नाही तर माउंट झटक्यानं मागे सरकत राहतो आणि तुम्ही साइट फिरवत बसता. मी सरकणं ओळखायला माउंटच्या मागे रुळावर पेन्सिलची खूण केली.

बांधावर पंचवीस मीटरवर नवा स्कोप छान चालला.

19 जुलै

पण खोलीत नाही. कारण साधं आहे आणि मला ते कुणी आधी सांगितलं नव्हतं.

स्कोप नळीच्या साडेचार सेंटिमीटर वर बसतो. बारा मीटरवर शून्य केला, म्हणजे तिथं छर्रा नेमाच्या जागीच लागेल असा लावला, तर सहा मीटरवर छर्रा जवळजवळ दोन सेंटिमीटर खाली लागतो. उंदराच्या डोक्यात डोळा आणि कान यांच्या मधली जी जागा आहे ती त्याहून लहान. म्हणजे सहा मीटरवर नीट नेम धरूनही छर्रा जबड्यात बसणार आणि जनावर जखमी होऊन बिळात मरणार. हे नको आहे.

समोरची माशी नळीपासून जेमतेम दोन सेंटिमीटर वर आहे. उघड्या साइटनं बारा मीटरवर शून्य केलं आणि सहा, नऊ, अठरा मीटरवर कागद लावून बघितलं: सगळीकडे अर्ध्या सेंटिमीटरच्या आत. माझ्या खोलीत कुठूनही कुठेही अंतर याच पट्ट्यात येतं. स्कोप काढला. तो आता बांधावरच्या कामाला राहील.

अंधारात काळी माशी दिसत नाही. तिच्या मागच्या बाजूला आधी पांढरा व्हाइटनर, तो वाळल्यावर बायकोची नारिंगी नेलपॉलिश, काडीच्या टोकानं एकच ठिपका. हे फुकटात झालं आणि स्कोपपेक्षा जास्त उपयोगी पडलं.

26 जुलै

कोंबड्यांची बॅच निघाली, शेड धुवायला रिकामं झालं. ही वेळ सगळ्यात चांगली. शेडमधलं सांडलेलं खाद्य संपलेलं असतं, त्यामुळे उंदीर खोलीकडे वळतात. आणि पक्षी नसल्यामुळे आवाजानं गोंधळ होत नाही. पक्षी असताना रात्री बंदूक चालवू नका, घाबरून एका कोपऱ्यात दाटतात आणि खालचे गुदमरून मरतात.

तयारी अशी. खाद्याची सगळी पोती एका बाजूला, वर ताडपत्री. एका भिंतीशी मूठभर मका, तिथंच रोज, म्हणजे त्यांना सवय लागते. मक्याच्या मागे भिंतीला टेकवून जुने रबरी मॅट दुहेरी आणि त्यांमागे ओल्या मातीचं पोतं. जमीन सिमेंटची आहे, त्यामुळे वरून खाली झाडायचं नाही: छर्रा जमिनीवरून उडतो. मी बुटक्या स्टुलावर बसतो म्हणजे नळी जवळजवळ आडवी राहते आणि चुकलेला छर्रा मॅटमध्ये जातो. वाशांवरच्या उंदरांवर झाडायचं नाही, वर सिमेंटचे पत्रे आहेत.

डोक्यावरच्या विजेरीला लाल जिलेटिन कागद लावला. लाल उजेडाला उंदीर फारसे दचकत नाहीत. पांढरा पडला की क्षणात गायब.

दादा दारात बसले होते. घुशी आधी कडेनं, भिंतीला मिशा घासत येतात, दाणा उचलून पुन्हा कडेला जातात. पहिल्या फेरीला मी झाडलं नाही. दुसऱ्यांदा एक घूस मक्यावर थांबून दोन्ही पंजांत दाणा धरून बसली, डोकं स्थिर. छर्रा कानाच्या बुडाशी लागला, ती जागच्या जागी पडली. दादा एवढंच म्हणाले, “थांब, आता अर्धा तास हलू नको.” बरोबर होतं. पुढची तेवढ्यानं आली.

हलणाऱ्या जनावरावर झाडायचं नाही, हा नियम केला आहे. त्यामुळे बऱ्याच संध्याकाळी हाती काही लागत नाही.

सकाळी रबरी हातमोजे घालून मेलेली खोल पुरली. पावसाळ्यात उंदरांच्या मुतातून लेप्टोच्या तापाचा धोका असतो, उघड्या हातानं धरू नका. आणि मॅटसमोरचे छर्रे झाडून, वेचून काढले. शिसं आहे, खाद्यात गेलं तर कोंबड्यांना विषच.

14 ऑगस्ट

घुशी कमी दिसतात, पण बंदुकीनं एकट्यानं ते झालेलं नाही. पायाशेजारची बिळं उकरून खडी, काचेचे तुकडे आणि सिमेंट भरलं. दाराखाली पत्र्याची पट्टी मारली. वायरिंगच्या भोकाला बारीक छिद्रांची जाळी. फळ्या भिंतीपासून दीड फूट पुढे ओढल्या, आता पोत्यांमागे झाडू फिरतो आणि लेंड्या लगेच दिसतात. वाशांवरच्या घरउंदरांना बंदूक पोहोचत नाही, त्यांच्यासाठी पिंजरे चालूच आहेत.

6 सप्टेंबर

छर्रे बारा मीटरवर खाली लागायला लागले, एका बाजूला नाही, फक्त खाली. स्क्रू तपासले, घट्ट. टिश्यूची पट्टी ठेवली तर ती उडून पडली. जोडातलं सील बसलं होतं. जूनमध्ये थरथरली तेव्हाच बदललं असतं तर बरं. नाशिकहून दोन ओ-रिंग, म्हणजे सीलच्या रबरी कड्या, आणल्या, 60 रुपये. जुनी सुईनं उचकटून काढली, खाचेतली काजळी पुसली, नवी बोटानं दाबून बसवली. तरी पट्टी किंचित हलत होती, म्हणून रिंगच्या खाली पातळ कागदाचा वाटोळा तुकडा घातला. आता हलत नाही. भोकं परत जागेवर.

19 सप्टेंबर

खर्च विचारणारे बरेच आहेत म्हणून. बंदूक 11,800. स्कोप आणि माउंट 4,100, हा फक्त खोलीसाठी घेत असाल तर पूर्ण वाचेल. छर्रे 1,860 (त्यातला टोकदारांचा डबा वाया). लॉकटाइट, ओ-रिंग, दोरी, कापड मिळून 400 च्या आत. मॅट जुने होते. पाऊण हजाराचं सिमेंट आणि खडी यात धरलेली नाही, पण धरायला हवी.

ज्यांचं काम खोलीपुरतं आहे त्यांना मी साडेतेरा-चौदा हजारांत हे सगळं बसवून दाखवीन: उघड्या साइटची मध्यम बंदूक, एक चांगल्या छर्ऱ्यांचा डबा, एक देशी. उरलेले पैसे जाळी आणि सिमेंटवर घाला.

नवी बॅच आत आली आहे. बंदूक कापडात गुंडाळून, नळीतून तेलाचं कापड एकदा फिरवून, छर्ऱ्यांपासून वेगळ्या कुलुपाच्या कपाटात ठेवली. किल्ली माझ्याकडे आणि दादांकडे. बॅच निघाली की आधी टिश्यूची पट्टी, मग स्क्रू, मग कागदावर पाच छर्रे, आणि त्यानंतरच खोलीत.